घरमालकांनी काढलेलं कव्हर

देव सोडला तर जगाकडे कायम वरूनच बघणारा माणूस मी एकच पाहिला: मुकुंदवाडीतले आमचे घरमालक. नगररचनेच्या कचेरीत आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेले काका संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहत आणि गल्लीतली माणसं डोक्यांवरून ओळखत. ‘दोन भोवऱ्यांचा आला का?’ म्हणजे पोस्टमन. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी मंडपाचा नकाशा छापला होता; त्यात उत्तर दिशेचा बाण होता, पंगतीची दिशा होती, फक्त मुहूर्त छापायचा राहिला. न्हाव्याकडे जातानाही कागदावर डोकं काढून नेत. दुष्काळाची वर्षं होती आणि शहर मात्र करमाडच्या दिशेनं सुसाट पसरत होतं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे, टँकर आला की गल्लीत ड्रमांची रांग लागे. काका पाहुण्याला अर्धाच पेला पाणी देत आणि म्हणत, ‘लागलं तर आणखी मागा.’ त्यांचा चेहरा बघून कुणी मागत नसे.

माझा खोलीसोबती बिरू कन्नडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. शिकायला म्हणून आला आणि उलटी टोपी घालून रॅप करायला लागला. ‘नंबर लाव’ नावाचा त्याचा पहिला अल्बम तयार होता, सगळी गाणी टँकरच्या रांगेवर. तेवढ्यात वडिलांचा निरोप आला: ‘गाणं गाणं म्हणतूस, काय ते एकदा डोळ्यानं बघतो. नाय पटलं तर संगं घिऊन जातो.’ बिरूची झोप उडाली. कव्हरवर आपलं तोंड ठसठशीत दिसलं तरच आबाला पटेल, असं त्याच्या मनानं घेतलं. गळ्यात साखळी, मागं ज्वाळा, बाजूला वाघ, असा त्याचा बेत काकांनी जिन्यात ऐकला आणि ते म्हणाले, ‘मी काढतो.’ घरमालकाला नाही कसं म्हणायचं, ते आम्हाला अजून जमलेलं नव्हतं.

काका चार संध्याकाळी पट्टी, कंपास घेऊन गच्चीवर बसले. चित्र उतरलं ते असं: चौकोनी टँकर, त्याच्या मागं ड्रमांची वर्तुळं, वर्तुळांशेजारी डोकी, प्रत्येकाची नेमकी सावली, एका कडेला आमची गच्ची आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. बिरूनं कागद उलटासुलटा करून पाहिला.

‘काका, माझं तोंड कुठंय?’

‘खाली आहे,’ काका शांतपणे म्हणाले. ‘वरून दिसत नाही.’

दुसरं करून घ्यायला वेळ नव्हता. अल्बम त्याच कव्हरनिशी नेटवर चढला आणि दुसऱ्या दिवशी आबा आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बिरूनं मान खाली घालून मोबाइल पुढं धरला. काका दारात उभे होते; चित्र त्यांचं, त्यामुळे त्यांचा रंग बिरूपेक्षा जास्त उडाला होता. आबा उकिडवे बसले आणि त्यांनी चित्रातल्या एका टोपीवर बोट ठेवलं.

‘ह्यो तू.’

‘कसं वळखलं, आबा?’

‘सावली बघ की, उजवा खांदा वर करून हुबा हाय. ल्हानपणी खांद्यावर कोकरू घ्यायचास, तवापसून तसाच. घाटावर बसून आमी मेंढरं वरूनच वळखतो. तुला नाय वळखनार व्हय?’ मग म्हणाले, ‘लई ब्येस काढलंय. ऱ्हा हितंच. पर टोपी सरळ घाल, ऊन डोळ्यात जातंय.’

काका आत गेले आणि काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आले. आबांनी तो घटाघटा रिकामा केला, तर काकांनी दुसरा आणला. ‘जन्मभर नकाशे काढले,’ ते मला हळूच म्हणाले, ‘लोकांनी त्यात आपापले प्लॉट ओळखले. माणूस आज पहिल्यांदा कुणी ओळखला.’ त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

पुढं रस्ता रुंद झाला, त्यात गल्लीचा पुढचा भाग गेला आणि त्यानंतर काकाही गेले. बिरू अजून गातो, टोपी अजून उलटीच घालतो. काकांची फार आठवण आली की मी ते कव्हर मोबाइलवर मोठं करून बघतो. चित्रातल्या गच्चीच्या कोपऱ्यात एक गोल टक्कल आहे, भोवती केसांची बारीक झालर. स्वतःचं डोकं वरून त्यांनी कधी पाहिलं, देव जाणे. शेजारी पाण्याचा पेला आहे. वरून काढल्यामुळे तो अर्धा आहे की भरलेला, ते कळत नाही. मी तो भरलेला धरतो.