दादासाठी राखून ठेवलेले मैल

ऑफिसात त्याला सगळे मैलशेठ म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. बाटल्या भरायची मशिनं विकणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. मशीन कुठंही अडून बसलं की बॅग उचलायची आणि विमान गाठायचं, हे त्याचं काम. दर प्रवासामागे विमान कंपनी त्याच्या खात्यात काही मैल टाकायची आणि ते पुरेसे साठले की त्यांवर फुकट तिकीट निघायचं. मैल बाकीच्यांनाही मिळत, पण ते बापडे एखाद्या टोस्टरवर नाहीतर बॅगेवर उडवून मोकळे होत आणि वर खूशही होत. मैलशेठला त्यांची कीव यायची. "टोस्टर घेतलास? तेवढ्यात आडवा झोपून अर्धी पृथ्वी पार केली असतीस," असं तो कॅन्टीनमध्ये सुनवायचा, आणि मग त्या माणसाला त्या दिवशीचा चहा काही गोड लागायचा नाही.

त्याचं शास्त्र साधं होतं. मागच्या दाटीतली सीट पैशांनीही स्वस्तात मिळते, तिच्यावर मैल खर्चणं म्हणजे ते पाण्यात घालणं. पुढच्या भागातल्या, पलंगासारख्या सपाट होणाऱ्या सीटवर खर्चले तर त्याच मैलांचं सोनं. पण त्या सीटा मैलांवर क्वचित सुटतात आणि कंपनीच्या लहरीवर सुटतात, म्हणून वाट बघायची. वाट बघण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मैलांची मुदत संपत आली की एखादी बारीकशी खरेदी करून ती पुढं ढकलायची, हीसुद्धा युक्ती त्यालाच ठाऊक. शेवटच्या घटकेपर्यंत ताणायचं आणि मग झडप घालायची, यात त्याला जी मजा यायची ती प्रत्यक्ष प्रवासातही येत नसे.

त्याचा थोरला भाऊ, दादा, याच्या नेमका उलट. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. पट्टी कापायची, काच कापायची, मागं पुठ्ठा ठोकायचा. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांची बाळं आणि दुसऱ्यांचे गेलेले आईबाप त्यानं चौकटीत बसवले. वडील लवकर गेल्यावर धाकट्याचं शिक्षण याच काचांवर झालं होतं. वहिनी गेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, आणि दादा दुकानात उभा तो उभाच राहिला. विमानात तो कधीच बसला नव्हता.

मुलीला मुलगी झाली तेव्हा दादानं त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मोबाइलवरचा फोटो दाखवला. मुलीचे तिकडचे कागद अडकले होते. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत जाता आलं नसतं, म्हणून जायचं ते दादानंच. तिनं काकाला, म्हणजे मैलशेठला, फोन केला. "काका, मी तिकीट काढते. तुम्ही फक्त बाबाला विमानात बसवून द्या."

"तू कशाला पैसे घालतेस? मी आहे ना. माझ्याकडे मैलांचा ढीग पडलाय. बाबाला असा झोपवून आणतो की राजा येतोय असं वाटेल."

झालं. तिथून त्याची वाट बघणं सुरू झालं. पुढच्या दोन सीटा हव्या होत्या, एकाच विमानात, एकमेकींना लागून. रोज सकाळी दात घासताना तो मोबाइल चाळायचा. मागच्या सीटा हव्या तेवढ्या दिसायच्या. त्याच्याकडचे मैल त्यांना पुरून उरले असते. तो त्या बघायचा आणि पुढं सरकायचा. एकदा पुढची एक सीट सुटली. दादा पुढं आणि हा मागं, असं सहज जमलं असतं. पण इतकी वर्षं साठवून आपणच मागं गुडघे मोडून बसायचं, हे त्याच्या जिवावर आलं. दादाला एकट्याला पुढं करमणार नाही, असं त्यानं बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, त्यांना झोपायचं नाहीये, नात बघायचीय." त्यावर तो तिला मैलांचं शास्त्र समजावू लागला, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्याच सुमारास दादाच्या काचा वाकड्या कापल्या जाऊ लागल्या. मैलशेठच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला, तोही बराच पुढं गेलेला. डॉक्टरनं थेंब लिहून दिले आणि दादा बाहेर बसला असताना मैलशेठला म्हणाला, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती टिकेल ते आत्ता सांगता येणार नाही. वर्ष, दोन वर्षं, कदाचित जास्तही."

दुसऱ्या कुणीही हे ऐकून त्याच संध्याकाळी तिकीट काढलं असतं. मैलशेठनं ऐकलं ते एवढंच, की दोन वर्षांची मुदत आहे. आणि मुदतीशी कसं वागायचं हे तर त्याला पाठ होतं. थेंब घातले की मुदत पुढं ढकलली जाणार, आणि संपायच्या आत झडप घातली की काम झालं. माणसाच्या डोळ्यांना त्यानं मैलांचा कायदा लावला, आणि लावताना आपण काही चुकतोय असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. पुतणीला हे कळवायचं नाही अशी दादानं शपथ घातली होती. ती शपथ त्याला फारच सोयीची पडली.

पुतणी अधूनमधून फोन करी. "काका, साधी सीट चालेल हो बाबाला. ती आता रांगायला लागली." मग, "काका, आता ती पावलं टाकते." हा दर वेळी म्हणे, "थोडा दम धर गं, जमतंच आहे." आणि जमत आलं तेवढ्यात विमान कंपनीनं एका सकाळी तिकिटांचे मैलांतले भाव वाढवले. साठलेले मैल अचानक कमी पडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते या गृहस्थानं शब्दशः केलं. कामाच्या गावी सरळ विमान असताना दोन ठिकाणी विमानं बदलत लांबून गेला, चार मैल जास्त पडावेत म्हणून. परत आला तेव्हा दादानं दुकानाची किल्ली शेजारच्या कुलपवाल्याच्या हवाली केली होती. काच कापताना बोट कापलं होतं त्यानं, आणि काचेवरून ओघळलेलं रक्त त्याला गिऱ्हाइकानं सांगितल्यावर कळलं होतं.

शेवटी दोन सीटा मिळाल्या. पुढच्या, लागून, एक खिडकीची. कॅन्टीनमध्ये कळलं असतं तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. वरातीमागून निघालेल्या घोड्याचं कौतुक तो कुणाला सांगणार होता? दादाला तोवर दार उघडं की बंद एवढंच उजेडावरून कळत होतं.

विमानात दादाला त्यानं खिडकीशी बसवलं. दादानं बोटांनी सगळं तपासलं. सीटची कड, दिव्याचं बटण, खिडकीची चौकट. चौकटीवर त्याची बोटं जरा रेंगाळली. "पक्की बसवलीय," तो म्हणाला. मग त्यानं सीट सपाट करून घेतली, हातपाय ताणून पडला आणि लहान मुलासारखा हसला. हवाई सुंदरी पाणी घेऊन आली तशी त्यानं मैलशेठचं मनगट धरलं.

"धाकट्या, तिला सांग. म्हणावं, माझ्या भावानं माझ्यासाठी दोन वर्षं वाट बघितली, तेव्हा कुठं ही जागा मिळाली. सांग ना तिच्या भाषेत."

ती मुलगी हसून उभी राहिली, सांगण्याची वाट बघत. मैलशेठला तोंड वर करता येईना. "ते तुमचे आभार मानतायत," एवढंच त्यानं सांगितलं. दादाला वाटलं सगळं पोचलं, आणि तो समाधानानं झोपला. मैलशेठची सीटही सपाट होत होती. तो ताठ बसून राहिला. दादासाठी म्हणून थांबलो, हे अर्धंच खरं होतं आणि उरलेलं अर्धं काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

विमानतळावर बाहेरच्या कठड्यापाशी पुतणी उभी होती. नातीला तिनं कठड्यावर उभं केलं होतं आणि आजोबा दिसताच हात हलवायला शिकवून ठेवलं होतं. पोर दोन्ही हात हलवत होती. दादा भावाचा दंड धरून चालत होता, चेहरा सरळ समोर.

"आई, ते हात का नाही करत?" पोरीनं विचारलं.

"दादा, समोर आहे ती. हात कर," मैलशेठ म्हणाला. दादानं घाईघाईनं हात उंचावला आणि जोरजोरात हलवला, पार डावीकडं, जिथं टॅक्सीवाले पाट्या धरून उभे होते. पोर हसली. पुतणी हसली नाही. ती पोरीला खाली उतरवून, हाताला धरून कठड्याला वळसा घालून आली, बापाच्या गळ्यात पडली, मग त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांत बघत राहिली. डोळे तिच्याकडं बघत नव्हते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"अगं, वय झालं," दादा म्हणाला. "ते सोड. काकानं झोपवून आणलं मला. काय त्याची सीट होती म्हणून सांगू."

पुतणीनं काकाकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. "तेव्हाच साध्या सीटवर बसून आला असता तर दिसली असती त्याला ती," ती म्हणाली.

तिनं पोरीला उचलून दादाच्या हातात दिलं. दादानं तिचे केस, कपाळ, कान हळूहळू चाचपले. पोरीनं अंग चोरलं, पण हात झटकला नाही.

"धाकट्या," दादानं विचारलं, "कुणावर गेलीय रे?"

मैलशेठनं प्रथमच पोरीकडं नीट पाहिलं. ते कपाळ, ती हनुवटी, हसताना एका बाजूला जरा जास्त वर जाणारा ओठ. खोटं बोलावं असं क्षणभर त्याला वाटलं.

"वहिनीवर," तो म्हणाला. "हुबेहूब वहिनी."

नातीला छातीशी धरून दादा गर्दीत उभा राहिला, लोक त्याला वळसे घालून जात राहिले.

"मग नीट बघ आणि सगळं सांग मला," तो म्हणाला. "सावकाश सांग. घाई नाही."