मास्तरांचा रिव्हर्स

आमच्या मास्तरांची मान गेल्या दोन वर्षांपासून फक्त समोर पाहते. डावीकडे थोडी वळते, उजवीकडे त्याहून थोडी, आणि मागे अजिबात नाही. मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावानं त्यांची पदवी काढून घेतली नाही, मग मी कशाला काढू? तर ही मान आणि आमची जुनी पांढरी गाडी यांचं काही जमेना. आधी अंगणाला लागून असलेल्या बुद्धविहाराच्या भिंतीला बंपर घासला. भिंतीला काही झालं नाही. मग शेजाऱ्याच्या उभ्या मोटरसायकलला धक्का लागला. ती आडवी झाली. शेजाऱ्यानं एक शब्द न बोलता ती उचलून ठेवली, आणि ते न बोलणंच मास्तरांच्या जास्त जिव्हारी लागलं.

बातमी अकोल्याला आमच्या मुलापर्यंत पोचली. त्याचा फोन आला. "बाबा, गाडी इकून टाकू आता. रविवारी येतो, फोटो काढून गिराइकाले पाठवतो."

मास्तर "बरं" म्हणाले. एरवी साध्या गोष्टीवर अर्धा तास समजावून सांगणारा माणूस नुसतं "बरं" म्हणतो, तेव्हा तो आतून खचलेला असतो.

मीही खचले, पण माझं कारण वेगळं होतं. गाडी गेली म्हणजे आमचा दर आठवड्याचा शेलूबाजार गेला, तिथली गरम भजी गेली, मेडशीच्या माझ्या बहिणीकडे जाऊन दिवसभर दात काढून हसणं गेलं. एस.टी.ची पहिली पायरी आणि माझे गुडघे यांचं केव्हाच फाटलंय.

"मान मागं वळत नाई नं तुमची?" मी म्हटलं. "मंग मागचं समोर आनू."

शेलूबाजारच्या दुकानात स्क्रीनवाला स्टिरिओ मिळाला, त्याच्या जोडीला मागचा कॅमेराही मिळाला. पण बसवणारा कारागीर मेहुणीच्या लग्नाला गेलेला.

"आठ दिसांनं या, काकू," दुकानदार म्हणाला.

रविवार तीन दिवसांवर होता. मी विचारलं, "वायरिंगचा कागद हाये का डब्यात?"

"हाये. पन तुमी काय करसान त्याचं?"

"वाचीन."

इथं जरा मागे जायला हवं, कारण या कॅमेऱ्याआधी आमच्या घरात एक कॅमेरा होता, आणि तो म्हणजे मी. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांची सवाऱ्या भरायची जीप होती, आणि मास्तर, जे तेव्हा मास्तर नव्हते, ती चालवायला नुकतेच शिकत होते. जीप मागे घ्यायची म्हटली की मला अंगणात मागच्या बाजूला उभं करायचे. माझं काम इतकंच: जागा असेल तर "येऊ द्या", नसेल तर "थांबा". पण समोर ओट्यावर सासरे बसलेले. त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचं कसं? मग त्या दीडशहाण्या पोरीनं, म्हणजे तेव्हाच्या मी, शक्कल काढली. तोंडानं बोलायचं नाही, बांगड्या वाजवायच्या. सुचली तेव्हा आपण फार हुशार आहोत असं तिला वाटलं. आता बांगड्या वाजल्या म्हणजे थांबायचं की यायचं, हे तिनं नवऱ्याला आधी सांगायला हवं होतं की नाही? ते राहिलं. तिनं जीव तोडून, फुटेपर्यंत बांगड्या वाजवल्या, आणि नवऱ्याला वाटलं बायको खुशीत बोलावतेय. जीप थेट पाण्याच्या रांजणावर. पुढचे दोन दिवस ही बाई रडत बसली. रांजणात मावत होतं त्याहून जास्त पाणी गेलं असेल डोळ्यांतून. "थांबा" हा एक शब्द काढला असता तर रांजणही राहिला असता आणि बांगड्याही. आज ती भेटली तर मी तिचा कान धरीन.

असो. शुक्रवारी सकाळी बॅटरीचं काळं टर्मिनल सोडलं आणि कामाला बसले. चाळिशीनंतर मिक्सर, इस्त्री, मोटरपंपाचा स्टार्टर हे सगळं उघडून पाहिलंय मी, त्यामुळे तारांची भीती नव्हती. जुन्या टेपरेकॉर्डरची चौकट उलथण्याच्या पातळ टोकानं उचकली. कॅसेटच्या खाचेत नातवानं कधीतरी कोंबलेली आइस्क्रीमची काडी निघाली. टेप का वाजत नव्हता ते इतक्या वर्षांनी कळलं. मागे तारांचा गुंता. पिवळी कायमच्या करंटची, लाल किल्लीची, काळी अर्थिंगची, आणि स्पीकरच्या जोड्या, एक साध्या रंगाची आणि एक त्याच रंगाची पण काळ्या रेघेची. जन्मभर साडीला ब्लाउजपीस जुळवणाऱ्या बाईला यात काय अवघड? तारा सोलायच्या, पीळ द्यायचा, वरून काळी चिकटटेप गुंडाळायची.

कॅमेरा नंबरप्लेटच्या वर बसवला. खरी कसोटी त्याच्या केबलची होती. ती डिक्कीतून निघून, दाराखालच्या पट्टीच्या आतून, समोरच्या स्टिरिओपर्यंत न्यायची. मी केबलचं टोक एका ताठ तारेला बांधलं आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात तसं पुढे सरकवत नेलं. मधे अडकली. नाडीही नेमकी मधेच अडकते. थोडं मागे घेतलं, बोटानं चाचपलं, पुन्हा पुढे.

शेवटचं काम राहिलं. गाडी रिव्हर्सला टाकली की मागचा पांढरा दिवा लागतो. त्याच दिव्याच्या तारेवरून कॅमेऱ्याला करंट द्यायचा, म्हणजे रिव्हर्स टाकला की स्क्रीनवर मागचं आपोआप दिसतं. ती तार कोणती हे शोधायला मी छोटा बल्ब घेऊन डिक्कीत वाकले आणि मास्तरांना स्टिअरिंगवर बसवलं. बॅटरी जोडली.

"रिव्हर्स टाका!"

"टाकला."

"नक्की टाकला का?"

"अवं, टाकला म्हनलं नं! पोराइले इतक्यांदा विचारलं असतं तं माह्या वर्गात कोनी नापासच झालं नसतं."

एका तारेवर बल्ब पेटला. मी तिथंच जोड दिला, टेप गुंडाळली.

"दिसून राह्यलं!" मास्तर आतून ओरडले. "पेरूचं झाड दिसून राह्यलं. तू बी दिसून राह्यली. जराक जाड दिसतं."

"कॅमेऱ्यात तसंच दिसते," मी म्हटलं आणि झाकण लावून टाकलं.

रविवारी मुलगा आला. स्टिरिओ पाहिला, कॅमेरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक हाये. बाबा, अंगनातून रोडवर गाडी काढून दाखवा. कुठं घासली नाई तं मी इकाचा शब्द काढत नाई."

एका बाजूला विहाराची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची मोटरसायकल, तीही नेमकी जुन्याच जागी. मी मास्तरांच्या शेजारी बसले. त्यांनी रिव्हर्स टाकला. स्टिरिओवर वाजत असलेलं गाणं थांबलं, स्क्रीनवर अंगण आलं. त्यांनी ब्रेकवरचा पाय सैल केला, गाडी हलली, आणि अंगण गेलं, गाणं आलं. मास्तरांनी घाबरून ब्रेक दाबला. अंगण परत आलं.

"अवं, हे काय?"

मला तेव्हाच कळलं. मास्तर गिअर टाकण्याआधी ब्रेक घट्ट दाबून धरतात, आयुष्यभराची सवय. शुक्रवारी मी डिक्कीत वाकले होते तेव्हा रिव्हर्सचा दिवा आणि ब्रेकचा दिवा असे दोन्ही पेटलेले. मी ब्रेकची तार धरली होती. बाहेर मुलगा हात बांधून उभा.

"तसंच अस्ते त्याचं," मी ठासून सांगितलं. "ब्रेक दाबाचा, पाहाचं. पाहून झालं का सोडाचा."

मास्तर जन्माचे शिस्तीचे. दिलेली सूचना पाळायची, वाद घालायचा नाही. ब्रेक दाबला, अंगण पाहिलं. ब्रेक सोडला, हातभर मागे, तेवढ्यात गाण्याचे दोन शब्द. पुन्हा ब्रेक, भिंत पाहिली. पुन्हा दोन शब्द. एक कडवं संपायच्या आत गाडी रोडवर होती. मोटरसायकल जशीच्या तशी उभी.

"बाबा," मुलगा खिडकीपाशी येऊन म्हणाला, "तुमी इतके सावकाश कधीपासून झाले?"

"पहिल्यापासून," मास्तर म्हणाले.

मग मुलालाच चालवायची हौस आली. मास्तरांना मागे बसवून आम्ही शेलूबाजारकडे निघालो. पहिल्याच स्पीडब्रेकरला त्यानं ब्रेक दाबला आणि स्क्रीनवर मागून येणारी बाजाराची जीप दिसली, ड्रायव्हरच्या मिशांसकट.

"आई."

"काय रे?"

"ब्रेक मारला तं मागचं काहून दिसून राह्यलं?"

"मागून येनारा थांबला का नाई, हे पाहाले नको?"

त्यानं एकदा वरच्या आरशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि हसत सुटला. गाडी बाजूला घ्यावी लागली. "तू ब्रेकची तार धरली, आई!" मास्तर मागच्या सीटवर समोर पाहत बसले होते. त्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. भजी खाताना मुलानं फोटोचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

पण चूक ती चूक. सोमवारी डिक्की उघडून, मास्तरांना ब्रेकवरून पाय काढायला लावून, मी खरी तार शोधली आणि जोड बदलला. आता रिव्हर्स टाकला की मागचं सलग दिसायला लागलं. मास्तर खूश. मंगळवारी त्यांनी टीव्ही पाहावा तसं स्क्रीनकडे पाहत एका दमात गाडी मागे घेतली आणि माझी कपड्यांची बादली चपटी केली.

"दिसत तं होती मले," ते म्हणाले.

त्या दुपारी ते झोपल्यावर मी डिक्की उघडली आणि जोड परत ब्रेकच्या तारेवर नेला. टेप यावेळी चार वेढे जास्त दिली. चहाच्या वेळी मास्तर अंगणात आले, डिक्कीकडे पाहिलं.

"झालं का व दुरुस्त?"

"झालं!" मी सांगितलं, बांगड्या न वाजवता, पार शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.