संदर्भ-स्रोतही लुकलुकला

"कॉन्व्हेंटची पोरगी ना ही? मंग बोलत काहून नाही?"

"तिले कशाले बोला लागते? तिचा क्वासार बोलून राहिला ना!"

सेमिनार हॉलच्या दाराशी वर्गातले दोघं हसत होते. मी न ऐकल्यासारखं करून लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडू लागले.

क्वासार म्हणजे फार दूरच्या आकाशगंगेचं झगझगीत केंद्र. हवेमुळे तारे लुकलुकतात, तसं आपल्या आकाशगंगेतल्या वायूमुळे त्याचं रेडिओ तेज काही तासांत कमीजास्त होऊ शकतं. मात्र तो ठिपक्याएवढा दिसत असेल तरच. माझ्या आलेखात एक क्वासार असाच लुकलुकत होता. माझे मार्गदर्शक सर महिनाभर विभागात सगळ्यांना ते सांगत होते. आज त्यांनी बाहेरचे परीक्षक बोलावले होते.

सकाळी अकोल्याहून अमरावतीला येताना बस मूर्तिजापूरला थांबली. चैन पडेना म्हणून मी संदर्भ-स्रोताचा आलेख काढून पाहिला. दुर्बिणीची मापं जुळवायला अधूनमधून ज्या स्थिर स्रोताकडे पाहतात, तो. त्याने लुकलुकायला नको. पण क्वासार चढला की तोही चढत होता, उतरला की उतरत होता.

मग लक्षात आलं. दुरुस्ती करताना मी त्याची पहिलीच नोंद दिवसभराच्या सगळ्या मापांना लावली होती. दिवसभर दुर्बिणीचंच माप हलत होतं.

"बाई, गाडी लागून राहिली का तुले?" शेजारच्या मावशींनी विचारलं. मी नाही म्हणून पुन्हा लॅपटॉपकडे वळले. बडनेरा येईपर्यंत त्या स्रोताच्या सगळ्या नोंदी लावून पुन्हा आलेख काढला. क्वासारची रेष जवळजवळ सपाट.

सरांना आधीच सांगायचं ठरवून मी त्यांच्या केबिनपर्यंत गेले. आत परीक्षक चहा घेत होते. मी परत फिरले.

आणि आता पडद्यावर तोच जुना आलेख होता.

"कमी बोलते, पण काम पाहा!" सर म्हणाले.

परीक्षक पुढे वाकले. "छान आहे. माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला नेऊ का हा आलेख?"

"न्या ना साहेब, विचारता काय!"

सर माझ्याकडे पाहून हसले. कॉलेजात मी मोजून, इस्त्री केल्यासारखं बोलायची. तोंडून निघालं ते मात्र घरच्या बोलीतलं होतं.

"नका नेऊ, साहेब. माह्यं चुकलं आहे. दुसरा आलेख दाखवू द्या, त्यात क्वासार लुकलुकत नाही."