आवाजांचा फोटो काढणारे नाना

जेवणाच्या सुट्टीआधी आमच्या टेबलावरचा आतला फोन रोज वाजायचा. उचलला की पलीकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न.

"पूर्णविराम आला का?"

मी काचेतून रेकॉर्डिंगच्या खोलीत बघायची. आत कोणीतरी माइकसमोर पुस्तक वाचत असायचं. वाक्य संपलं की मी हात वर करायची, वाचणारा ओठ मिटून घ्यायचा, आणि मी सांगायची, "आला, नाना."

पलीकडे कळ दाबल्याचा टक आवाज. मग, "काढला. चालू द्या."

काढला म्हणजे फोटो काढला. आमची संस्था अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून ठेवते. वाचायला हौशी माणसं येतात, ऐकणारे फोन करून पुस्तक मागतात, आणि मी मधल्या टेबलावर बसून दोघांची गाठ घालून देते. हे सगळे आवाज जिथे राहायचे, ते यंत्र मागच्या खोलीत होतं. कपाटाएवढं, दिवसरात्र घुमणारं, आणि त्याला सदा गारवा लागायचा. ते सांभाळायचे नाना. त्यामुळे भर उन्हाळ्यात बाहेर आम्ही घामाघूम, आणि नाना आपले स्वेटर घालून चहाला यायचे. पोरीबाळी हसायच्या. ते म्हणायचे, "हसा. तुमचे आवाज गार राहावेत म्हणून मी गारठतोय."

यंत्रातल्या डिस्क एकत्र करून नाना त्यातून पाहिजे तेवढ्या नव्या डिस्क मांडायचे. हाताला लागणाऱ्या नव्हेत, नुसत्या मांडलेल्या. मोठ्या दिवाणखान्यात पडदे लावून खोल्या कराव्यात, तशा. एकीत आवाज, दुसरीत पुस्तकांची यादी, तिसरीत कुठलं वाचन पक्कं आणि कुठलं चुकलं म्हणून पुन्हा वाचलेलं, याच्या खुणा. या सगळ्यांचा त्यांनी एक गट केला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'घर'. फोटो काढायचा तो अख्ख्या घराचा, एकाच क्षणी. पुढे काही बिघडलं, तर घर त्या क्षणाला होतं तसं परत उभं करता येतं.

"एकेकीचा सवडीने काढला तर काय बिघडेल?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"माझे वडील शाळेत जाऊन वर्गाचे फोटो काढायचे," नाना म्हणाले. "आता एकेका मुलाचा वेगळा काढून चिकटवला, तर काय होईल? एकाचा मारामारीच्या आधीचा, दुसऱ्याचा मारामारीनंतरचा. पहिल्याच्या अंगावर शर्ट नीट, आणि दुसऱ्याच्या मुठीत त्याच शर्टाचं बटण. मास्तरांनी निवाडा करायचा कसा? आपल्या घराचंही तेच. यादी म्हणेल पाहुणा आलाच नाही, आणि पाहुणा आत गादीवर लोळतोय."

खरं तर यंत्राला वाक्य संपायची गरज नव्हती. वाचणारा मधेच असला, तरी ते फोटो काढायचं. पण नानांना ते खपायचं नाही. "यंत्राला चालतं हो. अर्ध्या वाक्यात माणसाला थांबवून ठेवणं मला नाही चालत."

कळ दाबण्याआधी ते डोळे मिटून घ्यायचे; कधी मागच्या खोलीत गेले की मला दिसायचं. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. मीही घेतेच. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणतात, "छे हो सूनबाई. वडिलांनी फोटो काढला, की नेमके माझेच डोळे मिटायचे. तीच खोड राहिली."

सूनबाई म्हणायचे, कारण वाचणाऱ्यांमध्ये सगळ्यात जुन्या होत्या माझ्या सासूबाई, आमच्या आई. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. नाना त्यांना बाई म्हणायचे, आणि आई त्यांना फोटोवाले. दोघांचं रोज वाजायचं. आई मुद्दाम लांबलचक वाक्यांचं पान काढून बसायच्या, आणि नाना फोन कानाला लावून ताटकळत. मग चहाला आले की जुंपायची.

"बाई, आज पूर्णविराम गावाला गेलाय का?"

"लेखकाला विचारा. तुमच्याकडे ना कॅमेरा, ना फिल्म, आणि म्हणे फोटो काढतो! हसू तरी का आम्ही?"

"तुमचं हसू ऐकू आलं तर तेही येईल फोटोत. केस विंचरून या."

मग आईंचा आवाज बसायला लागला. आधी घसा खवखवला, मग काढे, मग गोळ्या, आणि शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, आवाज जाईल. आईंनी घरी कोणापुढे डोळ्यांतून पाणी काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "हातातलं पुस्तक पुरं करते, मग काय कापायचं ते कापा."

ते पुस्तक मागितलं होतं एका अंध शिक्षकांनी. लहानपणी त्यांच्या आईने ते निम्मं वाचून दाखवलं होतं, पुढचं वाचायला ती राहिली नव्हती. आईंना हे कळल्यापासून त्या पुस्तकाला चिकटूनच बसल्या होत्या.

शेवटच्या दिवशी, वाचता वाचता, आवाजांची डिस्क भरत आली. नाना धावत माझ्या टेबलाशी आले.

"जागा संपतेय. बाईंना थांबवू का?"

मी काचेतून बघितलं. एका हाताने गळा धरून आई वाचत होत्या. मी म्हटलं, "नाना, आता थांबल्या तर परत आवाज लागेल की नाही, देव जाणे."

नाना तसेच मागे फिरले. आई वाचत असतानाच त्यांनी नवी डिस्क मांडली, पुढचा आवाज तिकडे वळवला. आईंना पत्ताही लागला नाही. मग स्वेटरच्या बाह्या सावरत ते परत आले, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, नाना रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले, दाराशी स्टूल घेऊन बसले. शेवटची पानं त्यांनी तिथे बसून ऐकली. बाहेर आले ते चष्मा पुसत.

शस्त्रक्रिया झाली. आई घरी आल्या. गळ्याशी रुमाल, हातात पाटी. बोलायचं ते पाटीवर. पण एक गोष्ट त्यांनी अगदी टाकली. स्वतःचं जुनं वाचन कानावर पडलं, की उठून आत जायच्या. एकदा मी हौसेने लावलं, तर पाटीवर लिहिलं, 'मेलेल्या माणसाला हाका मारू नयेत.' मी बंद केलं. पुन्हा लावलं नाही.

काही महिन्यांनी संस्थेत नवी प्रणाली बसवायला माणसं आली. नानांनी आधी रीतसर घराचा फोटो काढला. नव्या प्रणालीने सगळ्या वाचनांची जुनी नावं पुसून आपले आकडे चिकटवले, आणि मधेच मान टाकली. सगळे घाबरले. नाना मात्र शांत. "फोटो आहे ना. घर मागे नेऊ."

नेलं. यादी परत आली, खुणा परत आल्या, जुने आवाज आपापल्या नावांनी जागेवर येऊन बसले. टाळ्या झाल्या. मी यादीत आईंचं शेवटचं पुस्तक लावलं. पहिली प्रकरणं वाजली. शेवटचं वाजेना. नाव होतं, त्या नावाचा आवाज नव्हता.

नाना हळूच खुर्चीत बसले. "ती नवी डिस्क," ते म्हणाले. "मी तिला घरात घेतलीच नाही. मांडली, आणि बाईंचं ऐकायला जाऊन बसलो. तेव्हापासून रोज फोटो काढतोय, आणि ती रोज फोटोच्या बाहेर उभी."

म्हणजे झालं होतं असं. बाकीचं घर मागे गेलं, आपली जुनी नावं घेऊन. नवी डिस्क गटात नव्हती, ती जिथल्या तिथे राहिली, परके आकडे कपाळावर घेऊन. आवाज सगळे शाबूत, पण कोणता कशाचा, ते कळेना. बाकीचे वाचणारे आपलं आपलं ओळखून देतील, पण शेवटच्या दिवशी आईंचा गळा दुखत होता, म्हणून एकेक पान त्यांनी अनेकदा वाचलेलं. त्यातलं पक्कं कुठलं आणि टाकाऊ कुठलं, ते आता एकट्या आईंनाच ठाऊक. आणि आई तर स्वतःचा आवाज ऐकायला तयार नाहीत.

"मी विचारते घरी," मी म्हटलं.

"नको. चूक माझी, मीच येतो."

संध्याकाळी नाना घरी आले. स्वेटर नव्हता अंगात, त्यामुळे कोणी वेगळेच वाटले. आईंसमोर उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सारवासारव केली नाही. शेवटी म्हणाले, "बाई, अख्ख्या घराचा फोटो काढला आणि तुम्हालाच बाहेर ठेवलं. तुम्ही ऐकून निवडल्याशिवाय ते पुस्तक अर्धंच राहणार. त्या मास्तरांचं ते दुसऱ्यांदा अर्धं राहील."

मी देव्हाऱ्याकडे बघितलं, मागितलं मात्र काही नाही. काय मागायचं तेच कळेना. मग आईंनी पाटी ओढली.

'डोळे मिटले असतील. जुनी खोड.'

नानांना हसूही येईना, रडूही येईना. पाटी पुसून आईंनी पुन्हा लिहिलं, 'सकाळी येते.'

मग काही सकाळी त्या दोघांनी माझ्या टेबलामागे बसून काढल्या. नाना एकेक आवाज लावायचे. पक्का असला तर आई टेबलावर बोट वाजवायच्या, टाकाऊ असला तर हात झटकायच्या. पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून ऐकलं. पुढे पुढे स्वतःच्याच उच्चारावर कपाळाला आठी घालायला लागल्या, तेव्हा मला हायसं वाटलं. आमच्या बाई परत आल्या होत्या.

अगदी शेवटचं पान लागलं. पुस्तकातलं वाक्य संपलं, आणि रेकॉर्डिंग तसंच पुढे चालू राहिलं. स्टूल सरकल्याचा आवाज, कोणीतरी नाक ओढलं, आणि आईंचा बसका आवाज आला, "आला हो पूर्णविराम, फोटोवाले. आता काढा फोटो." त्यावर नाना, घोगरे, "काढतो, बाई."

नानांनी मान खाली घातली. "हे कापून टाकतो. पुस्तकातलं नाही हे."

आईंनी टेबलावर बोट वाजवलं. नानांनी वर पाहिलं, तर त्यांनी परत वाजवलं, जोरात.

नवी डिस्क त्याच दिवशी घरात घेतली. मी मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन हात वर केला, नानांनी कळ दाबली. या वेळी डोळे उघडे ठेवून.

आता आई नाहीत. नाना निवृत्त झाले, मागच्या खोलीतलं ते यंत्रही गेलं. फोटो आता आपोआप निघतात, पूर्णविरामाची वाट कोणी बघत नाही. पण त्या मास्तरांचा फोन अजून येतो. पुस्तक त्यांना पाठ झालं असेल, तरी तेच मागतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, पुस्तक काय, कुठेही मिळेल. मला ते शेवटचं ऐकायचं असतं. 'काढतो, बाई' म्हणणारा तो माणूस बरा आहे ना?"

"बरा आहे," मी सांगते. "उन्हाळ्यातही स्वेटर घालतो."