थिरी परत जाऊ नये म्हणून

म्हाळुंग्यातल्या वायरिंगच्या एका कारखान्यातून विजयश्रीला काढून टाकलं, कारण लघवीला जायला सुपरवायझरची परवानगी कशाला लागते, असं तिनं विचारलं होतं. परभणीहून आलेली बाई आता मुकाट गावी जाईल, असं सगळ्यांना वाटलं. ती गेली नाही. चाकण परिसरातल्या कंत्राटी बायकांची संघटना तिनं उभी केली. कुणाचं बोट प्रेसखाली आलं, कुणाचा पगार ठेकेदारानं अडवला, की लोक म्हणत, "विजयाताईंना बोलवा." त्या बोलावण्याची तिला सवय झाली होती. खरं तर चटक लागली होती.

मग थिरी आली. ती ब्रह्मदेशातली शिक्षिका. लष्करानं सत्ता बळकावल्यावर ती संपात उतरली, पकडायचं वॉरंट निघालं, आणि डोंगर ओलांडून ती मिझोराममध्ये आली. तिथल्या ओळखीच्या मुली इकडे कामाला येत होत्या, त्यांच्याबरोबर तीही चाकणला पोहोचली आणि गिरजाबाईंच्या खाणावळीवरच्या खोलीत राहू लागली.

थिरी कधी आवाज चढवत नसे. नेपाळी वॉचमनच्या मुलांना शाळेत घेत नाहीत म्हटल्यावर ती मुख्याध्यापकांच्या दाराशी रोज जाऊन बसली, प्रवेश मिळेपर्यंत. तिच्या देशातून पळून आलेल्या कुटुंबांचे पगार तिनं सोडवून आणले. मराठी शिकली. हळूहळू विजयश्रीच्या संघटनेतल्या बायकाही म्हणू लागल्या, "आधी थिरीला विचारून बघू."

विजयश्रीला सगळ्यात लागलं ते गिरजाबाईंचं. गिरजाबाई तिची इथली पहिली मैत्रीण. मासवडी केली की विजयश्रीची वाटी त्या झाकून ठेवत. एके दुपारी ती जेवायला आली तर भांडं रिकामं.

"थिरीनं खाल्ली गं," गिरजाबाई कौतुकानं म्हणाल्या. "लई आवडती पोरीला."

"मला भूक नाहीच," म्हणून विजयश्री निघून गेली. पुढे आठवडाभर ती खाणावळीत फिरकली नाही.

आणि एक दिवस पोलीस थिरीला घेऊन गेले. देशात राहायचा परवाना नाही, तेव्हा तिला सीमेवर नेऊन परत पाठवणार, असा हुकूम होता. तिकडे तुरुंग ठरलेलाच. गिरजाबाईंनी रडत रडत हे सांगितलं. विजयश्री "अरेरे" म्हणाली. पण गिरजाबाई तिचं तोंड ओळखून होत्या.

"विजे, तुला बरं वाटलं व्हय?"

विजयश्रीला खोटं बोलता येईना. ती उठली, स्कूटर काढली आणि थेट पुण्याला एका वकीलबाईंकडे गेली.

कोर्टात अर्ज पडला. इकडे विजयश्रीनं चाकणच्या तळेगाव चौकात सभा बोलावली. पहिली शिफ्ट सुटल्यावर बायका आल्या, वॉचमन आले, त्यांच्या बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या. रस्ता भरला. विजयश्रीनं मागे स्वतः उपोषण केलं होतं, तेव्हा मांडवातल्या खुर्च्यासुद्धा भरल्या नव्हत्या. माईक हातात घेण्याआधी तिनं ही गर्दी शेवटच्या रांगेपर्यंत नजरेनं मोजली.

गर्दीतून एक गाववाला ओरडला, "ताई, आमच्या पोरास्नी काम न्हाई, आन तुमी परदेशी बाईसाठी वरडताय?"

ठरवलेलं भाषण विजयश्री विसरली. "ती माझी लाडकी आहे असं वाटतं का तुम्हाला? माझं तिच्याशी पटत नाही. ती आली आणि माझी माणसं तिच्याकडे गेली. ती गेली तर फायदा माझाच आहे. तरी सांगते, तिला पाठवू नका. मला कामावरून काढलं तेव्हा परभणीत माझी आई होती. हिला तिकडं कोठडीच आहे. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी जी दारात बसून राहिली, तिच्यासाठी आपण रस्त्यावर एक संध्याकाळ बसू शकत नाही?"

टाळ्या पडल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या बायका खाली बसल्या, मग मागच्या बसल्या. तो गाववाला काही बसला नाही, पण गेलाही नाही.

पुढच्या आठवड्यात कोर्टानं हुकुमाला स्थगिती दिली. निकाल लागेपर्यंत थिरीनं इथंच राहायचं आणि दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची.

सुटून आलेली थिरी रिक्षातून उतरली ती सरळ गिरजाबाईंच्या गळ्यात पडली. विजयश्री तिची पिशवी धरून बाजूला उभी राहिली. बऱ्याच वेळानं थिरी तिच्याकडे वळली.

"ताई, तुमचं भाषण आत्ता येताना मोबाइलवर बघितलं. खरंच पटत नाही माझ्याशी?"

"खरंच."

"मलाही तुमचा राग येतो," थिरी म्हणाली. "कुठल्याही ठेकेदाराकडे गेले की तो विचारतो, तू विजयाताईंचं माणूस का? माझं नाव कुणी विचारतच नाही."

विजयश्रीला हसू आलं. ते तिनं दाबलं.

खटला अजून चालू आहे. दर सोमवारी विजयश्रीच थिरीला स्कूटरवर हजेरीला नेते. वाटेत थिरीचा फोन सारखा वाजत असतो. "हो ताई, येते. हो भाऊ, बघते." विजयश्री पुढे बघून गाडी चालवते, मागचा शब्दन् शब्द ऐकते, आणि मोकळ्या रस्त्यावरही उगाच हॉर्न वाजवते.