छत्रीवाली जेवायला बसते

माझी मावशी लोकांना खाऊ घालून पोट भरते. म्हणजे स्वयंपाक ती करत नाही. आमच्या गावात फिरायला आलेल्या पर्यटकांना ती उघड्या बाजारातून हिंडवते, कुठे काय चाखायचं ते सांगते आणि शेवटी चौकात मांडलेल्या टेबलांवर जेवायला बसवते. गर्दीत कोणी हरवू नये म्हणून मिटलेली छत्री डोक्यावर उंच धरून चालते, म्हणून सगळा बाजार तिला छत्रीवाली म्हणतो. या धंद्याचा एक रिवाज आहे. पाहुणे जेवत असताना गाइडने बसायचं नाही. सगळ्यांची ताटं भरली की मागे भट्टीपाशी जायचं आणि आचाऱ्याशी गप्पा मारत उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलायचे. मला हा रिवाज शुद्ध गाढवपणा वाटतो, पण मावशीपुढे बोलायची सोय नाही.

काम सगळं संध्याकाळचं. त्यामुळे काका, म्हणजे तिचे यजमान, लग्नापासून रात्री एकटेच जेवत आलेत. काका शिंपी. दुकान बंद करून यायचे, स्वतःच वाढून घ्यायचे आणि रेडिओ ऐकत जेवायचे. त्यांनी कधी ब्र काढला नाही. या वर्षी मात्र दुकान मुलाच्या हवाली केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, की हिला कोणी ओळखत नाही अशा एखाद्या गावी घेऊन चल.

"एकदा तिच्या समोर बसून जेवायचंय," ते म्हणाले. "बाकी काही बघायचं नाही मला."

तिकिटं मी काढली. मावशीने आधी पाहुण्यांचं कारण सांगितलं, मग गुडघ्यांचं, मग आली. प्रवासभर ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. उतरताना तिचे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना.

त्या गावचा बाजार नदीकाठी भरत होता. फळांचे ढीग, माशांच्या टोपल्या, जुनी भांडी विकणारे, मधोमध गाणारा एक म्हातारा आणि कडेने झाडांखाली जेवणाची टेबलं. काकांनी कोपऱ्यातलं टेबल धरलं, भाजलेला मासा सांगितला आणि दोन खुर्च्या समोरासमोर लावून घेतल्या. तिसरी माझ्यासाठी ओढली, जरा लांबच. मासा होईस्तोवर फळं घेऊन येऊ म्हणून मावशी मला घेऊन उठली.

गर्दी वाढली तशी मी मागे पडले. मी हरवू नये म्हणून मावशीने सवयीने छत्री वर केली. तिथेच घोटाळा झाला. कुठल्याशा सहलीची सातआठ माणसं आपल्या गाइडपासून चुकली होती. उंच छत्रीच्या मागे चालायचं, एवढं त्यांना शिकवलेलं. ती मुकाट्याने आमच्या मागे लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, छत्री खाली घे, ही काही तुझी माणसं नाहीत.

"खाली घेतली तर ती जातील कुठे?" मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका दमलेला होता की मला पुढे भांडता आलं नाही.

मग तिने त्यांना सावलीत नेलं, टेबलं जोडून बसवलं, खाणाखुणा करून सूप आणि पाव मागवला आणि स्वतः कडेला उभी राहिली, एकदा या पायावर भार देत, एकदा त्या. मी तिला बस म्हणून दोनदा सांगितलं. त्यांची खरी गाइड, एक घाबरीघुबरी मुलगी, त्यांना शोधत आली तेव्हा त्यांचं जेवण निम्मं झालं होतं. झाडांवरचे दिवे लागले होते.

काका जागचे हलले नव्हते. मासा पुढ्यात थंड होऊन पडला होता, पावाचा तुकडासुद्धा मोडलेला नव्हता. मला लाजही वाटली आणि रडूही आलं.

"अहो, जेवून घ्यायचं ना," मावशी म्हणाली.

"एकट्याने रोजच जेवतो," काका म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मावशी त्यांच्या समोर बसली. चपला काढून पाय मोकळे सोडले. काकांनी मासा गरम करायला पाठवला. तो परत येईपर्यंत मावशीची मान छातीवर पडली होती आणि ती चक्क घोरत होती. मी तिला हलवायला हात पुढे केला.

"उठवू नकोस," काका म्हणाले. "समोर बसलीये ना."

त्यांनी माशाचे दोन भाग केले. तिच्या भागातले काटे एकेक करून काढले, ताटली तिच्यापुढे सरकवली आणि तिच्याकडे बघत सावकाश जेवायला लागले. मी माझी खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाशी नेली.