चांदण्यातला च

मित्रहो, आज सकाळी आमच्या नातीने मला चक्क आउट दिलं.

सुट्टीत अभ्यास सुटू नये म्हणून सूनबाईने तिला एक वेबसाइट लावून दिली आहे. मुलांनी मोठ्याने वाचायचं, मशीन ऐकून हिरवी किंवा लाल खूण देतं. ईशा ‘चांदणं’ म्हणाली, घरात म्हणतो तसं, चाकातल्या च ने. लाल खूण. मग तिने चहातला च लावला. हिरवी.

“अगं, पहिलंच बरोबर होतं.”

“मग लाल का आलं? आजोबा, तुमचं मराठी जुनं झालंय. अपडेट मारा.”

हसलो, पण लागलं. कल्याणच्या शाळेत आमचे गुरुजी कविता म्हणायचे, तेव्हा भर दुपारी वर्गात चांदणं पडायचं. हे दोन च लिहिताना सारखेच. ते कानांनीच पुढे जातात.

वेबसाइट बंद करणार नाही, गणितं छान शिकवते. पण आजपासून रोज संध्याकाळी आमच्या गच्चीवर मोठ्याने कविता म्हणायच्या, हे नक्की.

डोंबिवलीकरांनो, नातवंडांना घेऊन येता का? एकट्या आजोबाला ती जुना म्हणेल. आपण दहा जण तोच च म्हणालो, तर?